पडलं थे आपलं

मोहवाली बाई झाडाला कधी काठी लावायची नाही. दगड मारायची नाही, फांदी हलवायची नाही. फूल अगदी टपायला आलेलं असलं, डोक्यावर वीतभर लोंबत असलं, तरी ती मान वर करून बघायची आणि पुन्हा आपली टोपली जवळ ओढून बसायची. "पडलं थे आपलं," ती म्हणायची, "लटकलं थे झाडाचं." मग ते फूल पडेपर्यंत बसायची. चाळीसहून जास्त वर्षं मी या कॉलनीत राहते आहे. शिकलेली, पेन्शन घेणारी, सकाळी देवळात जाणारी पुष्कळ माणसं मी इथे पाहिली. पण हाताशी आलेली वस्तू केवळ दुसऱ्याची आहे म्हणून हात आवरणारं माणूस ती एकटीच होती. तिचं झाड आम्ही तोडलं. 'आम्ही' मी मुद्दाम म्हणते आहे. माझा हिस्सा पुढे सांगणारच आहे.

आमची कॉलनी चंद्रपूरच्या कडेला, मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. कारखान्यातल्या नोकरदारांनी सोसायटी केली, प्लॉट पाडले, बैठी घरं बांधली, पुढे जास्वंद आणि मागे शेवगा लावला. नकाशात मागच्या बाजूचा एक मोठा चौकोन हिरव्या पेन्सिलीने रंगवून त्यावर लिहिलं, 'नियोजित बाग'. ती बाग कधी झाली नाही. त्या चौकोनात मोहाची दोन झाडं होती, आमच्या सगळ्यांच्या आधीपासूनची. कॉलनीच्या आधी इथे एक गाव होतं, ते नाल्यापलीकडे सरकलं. नंतर आलेल्या आम्ही त्याला 'जुनी वस्ती' असं नाव ठेवलं आणि तिथल्या माणसांकडे उपरे असल्यासारखं बघायला लागलो.

मोहवाली त्या वस्तीतली, गोंड घरातली. त्यांच्यात जमीन कुणाचीही असो, मोहाचं झाड एका घराचं असतं. त्या झाडाची फुलं त्याच घरातल्या बायांनी वेचायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सातबारा नाही, पावती नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने तिला हाताला धरून झाडापाशी नेलं होतं आणि सांगितलं होतं, हे आपलं. तेवढ्यावर तिचा हक्क उभा होता. मधल्या काळात जमिनीवर कुंपण आलं, सोसायटीचा बोर्ड आला, लोखंडी फाटक आलं. ती प्रत्येक चैत्रात त्या फाटकाच्या बाजूच्या फटीतून आत यायची.

माझी तिची ओळख मी आठ वर्षांची असताना झाली, आणि ती भांडणाने झाली. मी सकाळी उठून फ्रॉकच्या ओच्यात मोहफुलं गोळा करत होते. पिवळसर, रसाळ, गोड वासाची. मागून आवाज आला, "काऊन व पोट्टे, कोनाच्या झाडाचं उचलून राह्यली?"

"कुणाचं म्हणजे? झाड सरकारचं असतं," मी म्हटलं. शाळेत नुकतंच नागरिकशास्त्र सुरू झालं होतं.

ती इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली. मग तिने मला उठवलं आणि माझ्या ओच्यातली फुलं निरखून दोन वाटे केले. एका वाट्याकडे बोट करून म्हणाली, "हे माह्या झाडाचे. हे खाय, अजून घे." दुसऱ्या वाट्याकडे बोट करून म्हणाली, "हे त्या झाडाचे. हे वापस ठेव." दोन झाडांच्या फुलांत फरक काय, हे मला आजही कळत नाही. तिला कळायचं. मी मुकाट्याने दुसऱ्या झाडाखाली गेले आणि एकेक फूल जमिनीवर ठेवून आले.

ते दुसरं झाड ज्यांचं होतं ते घर पुष्कळ वर्षांपूर्वी आरमोरीकडे भातशेतीच्या कामाला गेलं आणि तिकडेच राहिलं. जाताना त्या घरातली म्हातारी हिला म्हणाली होती, लक्ष ठेवजो. एवढंच. हिने त्या दोन शब्दांवर जन्म काढला. दोन्ही झाडांखालची जागा ती झाडायची, दोन्हींची फुलं वेचायची, दोन्हींची वाळवायची, पण वेगवेगळ्या चादरींवर. आरमोरीवाल्यांची फुलं वेगळ्या गाडग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून ठेवायची. म्हातारी गेल्यावर तिची मुलगी ताराबाई वर्षातून एकदा एसटीने यायची आणि ते गाडगं घेऊन जायची. एका वर्षी ती आलीच नाही. मी विचारलं, तिची फुलं किडतील, तुम्हीच खाऊन का टाकत नाही? मोहवालीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला चोरीचा बेत सांगितला होता. "किडली तं तिची किडली," ती म्हणाली.

आमच्या घरात तिला मान होता असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. माझी आई तिला चहा द्यायची, पण कान तुटलेल्या एका कपात. तो कप घरात यायचा नाही. कंपाउंडच्या भिंतीत एका विटेची जागा रिकामी होती, तिथे असायचा. ती चहा प्यायची, नळावर कप धुवायची, पुन्हा त्याच जागी उपडा ठेवायची. मी कॉलेजात गेल्यावर आईशी यावरून भांडले, पण कप बदलला नाही. माझी भांडणं तेव्हापासूनच अशी आहेत, आवाज मोठा आणि हात रिकामे. बदल्यात ती आम्हाला भाजलेली मोहफुलं आणि जवस एकत्र कुटून केलेले लाडू आणून द्यायची, आणि आई ते मात्र घरातल्या डब्यात भरायची.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. फाल्गुन लागला की मोहाची पानं गळतात आणि खाली जाड थर होतो. फुलं नीट वेचता यायची तर जमीन स्वच्छ हवी. जंगलात लोक हा पाला जागच्या जागी पेटवतात, उन्हाळ्यात डोंगरावर रात्री लाल रेषा दिसतात त्या बऱ्याचदा अशाच लागलेल्या असतात. मोहवाली तसं करायची नाही. खराट्याने पाला बुंध्यापासून दूर ओढायची, पोत्यात भरायची, नाल्याच्या काठावर नेऊन तिथे थोडा थोडा पेटवायची, आणि शेजारी ओलं पोतं घेऊन शेवटचा धूर विझेपर्यंत उभी राहायची. "आग म्हंजे सांड हाय," ती म्हणायची. "दोरी सुटली का कोनाचं ऐकत नाई." मग झाडाखाली शेणाचा हलका सडा मारायची. आमच्या एकाही घराचं अंगण त्या जागेइतकं स्वच्छ नव्हतं.

तिच्या झाडाच्या बुंध्याला एका बाजूने काळा डाग होता. तो तिच्या आगीचा नव्हता. एका वर्षी आमच्या कॉलनीच्या कमिटीने होळी त्या मोकळ्या जागेत केली. टायर टाकले, फर्निचरच्या दुकानातला भुसा टाकला, आणि ज्वाळा बुंध्यापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही रंग खेळत होतो आणि ती एकटी बुंध्याला चिखल आणि शेण लिंपत होती. रंगाने माखलेले लोक तिच्याजवळून हसत जात होते. त्या रंगलेल्या लोकांत मीही होते.

आता अध्यक्षांबद्दल. नाव लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता. रोज पहाटे हे गृहस्थ हातात तारेचा आकडा बसवलेली काठी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन निघतात आणि कॉलनीभर लोकांच्या कंपाउंडवरून वाकून फुलं ओढतात. माझी जास्वंद, शेजारच्यांची तगर, समोरचा मोगरा. पिशवी भरली की घरी जाऊन ती चोरलेली फुलं देवाला वाहतात आणि तासभर घंटा वाजवतात. एकदा आकडा खांद्यावर टाकून परतताना ते मोहवालीपाशी थांबले आणि तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मला म्हणाले, "मॅडम, या वस्तीतल्या बाया आत येतात, चोऱ्या वाढतील. फाटक बंद करायला हवं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मोहवाली जमिनीवर पडलेलं फूल उचलत होती. अध्यक्षांच्या पिशवीत माझ्या जास्वंदीच्या कळ्यासुद्धा होत्या. याच अध्यक्षांनी, जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा, तिला बाजूला घेऊन मोहाच्या दारूची एक बाटली मिळेल का असं विचारलं होतं. "मी खायाले नेतो, साहेब," ती म्हणाली होती. ही गोष्ट तिने मला हसत हसत सांगितली. मला हसू आलं नाही.

मग टॉवर आले. आधी फक्त चित्रात. सोसायटीच्या सभेत मोठ्या पडद्यावर तीन उंच इमारती दाखवल्या, त्यांच्या पायथ्याशी गोरी मुलं सायकली चालवत होती. मागची मोकळी जागा बिल्डरला द्यायची, त्याच्या बदल्यात कॉलनीला सिमेंटचे रस्ते, कंपाउंडची भिंत, क्लबहाउस. टॉवरांची नावं ओक, मेपल आणि सीडर. चंद्रपूरच्या मे महिन्यात पक्षी तडफडून खाली पडतात, तिथे मेपल. मी उठून विचारलं, नकाशात तिथे बाग आहे, तिचं काय? अध्यक्ष गोड हसले. "बाग होणारच आहे, मॅडम. पोडियमवर." पोडियम म्हणजे पार्किंगवरचा स्लॅब, हे सभेतल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं, पण हात सगळ्यांचे वर गेले. कारखान्यात जन्मभर घाम गाळलेली ही माणसं. त्यांना वाटलं, उंच इमारतीच्या शेजारी आपल्या बैठ्या घराचाही भाव वाढेल. भाव वाढला, आणि दुपारी तीननंतर घरावर ऊन पडायचं बंद झालं. आता थंडीत वाळवण घालायला आम्ही एकमेकांच्या गच्च्या शोधत फिरतो.

झाडं तोडायची तर नियम आहे. झाडावर नोटीस चिकटवतात, हरकती मागवतात. एके सकाळी मोहवाली माझ्या दारात आली. ती कधी दारात येत नसे. म्हणाली, "झाडाले कागद चिकटवला. वाचून दे ना, बाई." मी शाळेत मराठी शिकवायला लागल्यापासून ती मला 'बाई' म्हणायची, रागावली की 'पोट्टे'. मी कागद वाचला आणि तिला म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी हरकत लिहिते. तिने विचारलं, लिवल्यानं थांबते का? मी म्हटलं, थांबतं. अर्जात घालायला म्हणून मी त्या दिवशी तिला तिचं नाव विचारलं. जैवंताबाई. पस्तीस वर्षांच्या ओळखीनंतर मला तिचं नाव कळलं, तेही अर्जासाठी.

मी तीन पानं लिहिली. मला माझ्या अक्षराचा आणि भाषेचा गर्व आहे. होता म्हणायला हवं. मुलांना निबंध शिकवताना मी सांगत आले की वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे. मग मी उभं केलं. त्यातली काही वाक्यं मला पाठ आहेत, कारण ती नंतर मला मोठ्याने ऐकावी लागली. 'दरवर्षी फाल्गुनात ही वनकन्या वृक्षाच्या बुंध्याभोवती ज्वाळांचे कडे पेटवते. त्या अग्नीची काजळी आजही बुंध्यावर मिरवते आहे, आणि त्याच्या पोकळीत माझे अवघे बालपण मावले आहे.' वनकन्या! सत्तरीला आलेली बाई. बुंध्याभोवती कडं नव्हतं, पाला नाल्यावर जळायचा. पोकळी नव्हती, नारळ मावेल एवढी खोबण होती. काजळी कमिटीच्या होळीची होती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. पण होळीबद्दल लिहिलं तर कमिटी दुखावेल, शेजारसंबंध बिघडतील, म्हणून मी ते गाळलं आणि काळ्या डागाला एक सुंदर कारण दिलं. वाक्य छान जमलं म्हणून त्या रात्री मला बरं वाटलं होतं.

पाहणीला महापालिकेचे साहेब आले. हातात फाइल, मागे बिल्डरचा माणूस, शेजारी अध्यक्ष. जैवंताबाई झाडाखाली उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. साहेबांनी तिला विचारलं, "इथे दरवर्षी आग लावता?"

"लावतो ना," ती म्हणाली. "तिकडं, नाल्यावर."

साहेबांनी 'लावतो' एवढंच लिहून घेतलं. मी पुढे होऊन म्हटलं, अहो, नाल्यावर म्हणतात त्या. साहेबांनी फाइल उघडली आणि माझी वाक्यं खणखणीत आवाजात वाचली. ज्वाळांचे कडे. काजळी. पोकळी. मी म्हटलं, ते वर्णन आहे, तसं नाही ते, ही बघा खोबण, हिच्यात मूल कसं मावेल? "मॅडम," साहेब म्हणाले, "तुमचीच सही आहे ना? आता फिरवता?" अध्यक्ष आभाळाकडे बघत होते. त्या क्षणी होळीबद्दल बोलायला हवं होतं. मी उशिरा बोलले, रडत बोलले, आणि रडणाऱ्या बाईचं कुणी लिहून घेत नाही. जैवंताबाईने माझ्याकडे एकदा बघितलं, मग झाडाकडे. पुस्तकी मराठी तिला समजली नसणार, अशी मी माझी समजूत घातली.

आदेशात लिहिलं होतं: 'अर्जदार यांचेच निवेदनानुसार सदर वृक्षाचे बुंध्याशी दरवर्षी आग लावण्यात येते. बुंधा काळा पडलेला असून त्यात मूल मावेल इतकी पोकळी आहे. सबब वृक्ष क्रमांक एक धोकादायक असून तोडण्यास हरकत नाही. वृक्ष क्रमांक दोन राखण्यात यावा.' त्यांना झाड तोडायचंच होतं, हे मला कळतं. त्यांनी काहीतरी कारण शोधलंच असतं, असं मला सगळे समजावतात. असेलही. पण शोधायची तसदी त्यांना घ्यावी लागली नाही, मी ते सुवाच्य अक्षरात घरपोच दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तोडणी माघात झाली. शेंड्यांवर कळ्यांचे झुबके धरले होते. करवतीने अर्धा दिवस घेतला, कारण आतून झाड भक्कम होतं. कापलेला बुंधा मी पाहिला, लाल, घट्ट, कुठे सुईएवढं भोक नाही. जैवंताबाई नाल्याच्या बाजूला उकिडवी बसून होती. झाड आडवं झाल्यावर अध्यक्ष तिच्याकडे गेले. त्यांना वाटलं आपण मोठं मन दाखवतो आहोत. "घे बाई, ने फांद्या. पडलं ते तुझंच म्हणतेस ना? आता सगळंच पडलं."

ती उठली, लुगडं झटकलं. "थे पडलं नाई, साहेब," ती म्हणाली. "थे तुमी पाडलं." आणि काटकीसुद्धा न उचलता निघून गेली. हे वाक्य अध्यक्षांना कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे माझी जास्वंद ओढली. मी व्हरांड्यात उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शिव्या दिल्या. विद्यार्थ्यांनी ऐकल्या असत्या तर त्यांना माझ्याबद्दल आदर वाटला असता.

टॉवर चढले. दुसरं झाड, आरमोरीवाल्यांचं, मेपलच्या पार्किंगमध्ये आलं. त्याच्याभोवती सिमेंटचा चौकोनी कठडा बांधला आणि बुंध्याला निळे दिवे गुंडाळले. चैत्र आला, फुलं पडली, ती गाड्यांवर पडली. टॉवरच्या लोकांनी आरडाओरडा केला: चिकट आहे, वास येतो, माश्या येतात. झाडलोट करणारा माणूस रोज ती फुलं काळ्या पिशव्यांत भरून घंटागाडीत टाकायला लागला. जैवंताबाई टोपली घेऊन आली तर गेटवरच्या गार्डने तिला विचारलं, कुठला फ्लॅट? तीन दिवस ती गेटबाहेर उभी राहून परत गेली. चौथ्या दिवशी मी गेले, माझ्या शाळेतल्या सगळ्यात वरच्या पट्टीत बोलले, आणि तिला आत घेऊन आले.

ती दोन गाड्यांच्या मधे बसून वेचायला लागली. तशीच, पडेल तेवढंच. टोपली भरली तशी तिने पदरातून आरमोरीवाल्यांच्या गाडग्याचं फडकं काढलं. मी विचारलं, यातली तुमची किती? ती म्हणाली, "माही? माहं झाड कुठी हाय आता?" मला राग आला. कुणाचा आला हे सांगता येत नाही, सगळ्यांचाच आला. मी म्हटलं, अहो, घंटागाडीत जातात ही फुलं. ताराबाई एका गाडग्याच्या वर नेते का कधी? अर्धी तुम्ही घ्या. जन्मभर राखलंत. इथे कोण बघतंय?

"तू पाहून राह्यली ना," ती म्हणाली. आणि पुन्हा वेचायला लागली.

त्यानंतर तीन चैत्र मी तिला रोज गेटातून आत नेलं. चौथ्या वर्षी, वेचणी संपल्यावर, ती ते गाडगं घेऊन माझ्या घरी आली. मी तिला खुर्चीवर बसवलं, आमच्याच कपात चहा दिला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. चहा पिऊन ती सवयीने कप धुवायला उठली, मी तो हातातून काढून घेतला. ती म्हणाली, "मी पोरीकडं जाऊन राह्यली, अहेरीकडं. दिसत नाई आता, फूल का खडा समजत नाई." मग गाडगं माझ्यासमोर सरकवलं. "ताराले एक चिठ्ठी लिव. मी सांगतो तशी."

मी म्हटलं, ताराबाईला फोन लावून देते, बोला. ती म्हणाली, "फोनवरचं उडून जाते. कागद राह्यते. तुले तं मालूम हाय." मी मान खाली घालून कागद घेतला.

"लिव. झाड उभं हाय. यंदाची फुलं मास्तरनबाईजवळ ठेवली. मी आता येत नाई. तुही वस्तू तू पाहाय." मी पेन टेकवलं आणि ती पुढे वाकली. तिचा हात माझ्या मनगटावर आला, खरखरीत, हलका. "जसं हाय तसंच लिवजो, पोट्टे."

म्हणजे तिला कळलं होतं. पाहणीच्या दिवशी, झाडाखाली उभ्या उभ्या, शब्द न् शब्द कळला होता. आणि त्यानंतर ती माझ्याबरोबर त्या गेटातून आत येत राहिली, मला नुसत्या जवसाचे लाडू देत राहिली. मी चार ओळी लिहिल्या, ती सांगत होती तशाच. तिने त्या मला दोनदा वाचायला लावल्या.

पौषात ती तिकडेच वारली. ताराबाईने फोनवर सांगितलं, तेही पंधरा दिवसांनी. मी अहेरीला गेले नाही. जाऊन काय करणार होते?

मागच्या आठवड्यात मेपलच्या पार्किंगमधल्या झाडावर नोटीस लागली. निळ्या दिव्यांच्या वर, खिळा ठोकून. मुळांनी फरशी उचलली, फुलांनी गाड्या खराब होतात, सबब. मी वाचत उभी होते तर मागून अध्यक्ष आले, खांद्यावर आकडा. "मॅडम," ते म्हणाले, "या वेळीही लिहा. तुमची भाषा फार सुंदर आहे."

मी घरी आले आणि लिहिलं. अर्ध्या पानात संपलं. 'झाड मोहाचे आहे. बुंधा शाबूत आहे, कुठेही पोकळी नाही. बुंध्याशी कधीही आग लावलेली नाही. शेजारच्या झाडावरचा डाग सोसायटीच्या होळीचा होता, हे मी मागच्या अर्जात लिहिले नाही, ते खोटेपण माझे. या झाडावर हक्क ताराबाईंच्या घराचा आहे. त्या आरमोरीला राहतात. त्यांना विचारल्याशिवाय हे झाड कोणालाही तोडता येणार नाही.' कायद्यात हे शेवटचं वाक्य बसत नाही, असं मला शाळेतल्या दोघांनी सांगितलं. मी ते खोडलं नाही.

मग ताराबाईला फोन लावला, कागद वाचून दाखवला आणि म्हटलं, खाली माझ्या सहीने भागणार नाही, मालकिणीची हवी. तिने विचारलं, आरमोरीहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले तर चालेल का.

सोमवारच्या एसटीने ती येते आहे.